पोरांच्या कोपऱ्यात अंतोनदादा

दादा,

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेला चर्च भरून माणसं बाहेर मांडवात उभी होती. कुठून कुठून तुझे विद्यार्थी आले होते. तरुण फादर मला म्हणाले, "बहिणीनं दोन शब्द बोलावेत." मी माइकपर्यंत गेले, हात जोडले आणि परत येऊन बाकावर बसले. मागच्या बायका कुजबुजल्या, "भरून आलं बिचारीला." भरून आलं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते तुझ्या शवपेटीसमोर उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं, आणि बाकीचे जे बोलत होते ते माझ्या तोंडातून निघालं नसतं. तुला पुरून आज नऊ दिवस झाले. आता बोलते.

गुरुजींनी गावाला शिकवलं, गुरुजींनी कबरस्तान सांभाळलं, गुरुजी कमिटीचे अध्यक्ष असताना कुणाचं मढं अडलं नाही, असं सगळे सांगत होते. यातलं बरंचसं खरं आहे. तेच मला जास्त टोचतं. तू सरळसरळ वाईट माणूस असतास तर माझं काम सोपं झालं असतं.

त्या कबरस्तानाची गोष्ट मला तूच सांगितलीस. मी पाच-सहा वर्षांची असेन. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव कबरी साफ करायला यायचं, चुना लावायचं, झेंडू वाहायचं. तू मला खांद्यावर घेऊन फिरवायचास. म्हणायचास, पूर्वी आपल्या माणसांना मरायची मुभा होती, पुरायला जागा नव्हती. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला खड्डा करायचा. पावसाळ्यात ओढा फुगला की काठ खचायचा. आपल्या पणजोबांनी त्यांच्या आईला तिथं पुरलं, पुरानं ती उघडी पडली, म्हणून वर सरकून पुन्हा पुरलं. मग परदेशी फादर आले. त्यांनी पाटलाकडून कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं असा मुरमाड माळ विकत घेतला. आपल्या लोकांनी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून, मग नदीतून दगड वाहून भिंत घातली. आणि आत पहिली कबर झाली ती त्याच म्हातारीची. तिसऱ्यांदा पुरलेल्या बाईची.

"ज्यांना गावानं माती दिली नाही, त्यांची ही माती आहे, मिना," असं तू सांगायचास. हे वाक्य तू आयुष्यभर दर वर्षी पोरांपुढं म्हटलंस. मला ते पाठ आहे.

मला अक्षरंही तूच शिकवलीस, तिथंच. पाटी नव्हती म्हणून कबरींच्या दगडावरची अक्षरं बोटानं गिरवायला लावायचास. 'येथे विसावा घेत आहे.' 'ये' हे मी लिहिलेलं पहिलं अक्षर. पुढं आई मला शिकायला पाठवायला तयार नव्हती, तेव्हा तू तिच्याशी आठवडाभर भांडलास आणि स्वतः सायकलवरून मला नर्सिंगच्या शाळेत सोडून आलास. माझी चाळीस वर्षांची नोकरी, माझी पेन्शन, माझं स्वतःचं घर, हे सगळं त्या सायकलीमुळं आहे. मी हे विसरलेले नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

मी प्रकाशशी लग्न केलं, तेव्हा तू आला नाहीस. तो कोपरगावचा, बौद्ध घरातला, साखर कारखान्यात फिटर. त्यानं मला चर्च सोडायला सांगितलं नाही आणि मी त्याला बाप्तिस्मा घे म्हटलं नाही. आम्ही कोर्टात सही केली. तू आईजवळ म्हणालास, "तिला सांग, मी तिचा भाऊ आहे, पण ती आता आपल्या रांगेतली नाही." आईनं ते मला जसंच्या तसं सांगितलं. तरी पहिल्या बाळंतपणाला तिनं मला माहेरी आणलंच, आणि तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, निवळलास.

मुलगी झाली. पहिला दिवस ती चांगली होती, दूध प्यायली. मला ताप चढला. बाप्तिस्म्याचं प्रकाश आला की ठरवू, असं मी आईला म्हटलं होतं. कारखान्याचा हंगाम सुरू होता, त्याला सुटी मिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा श्वास अडकायला लागला. तू फादरांना आणायला सायकलवर निघालास. तोवर आपणच बाप्तिस्मा द्यावा म्हणून आई डोक्यावर पाणी ओतायला तांब्या घेऊन उठली, तोवर सगळं संपलं होतं. मी नर्स होते आणि मला डोळे उघडता येत नव्हते.

दुपारी तू येऊन माझ्या खाटेजवळ उभा राहिलास. तुझे शब्द मला अजून ऐकू येतात.

"मिना, फादरांना विचारून आलो. बाप्तिस्मा नाही, त्यामुळं आत घेता येत नाही. त्यांनी नाही म्हटलं. बाहेरच्या कोपऱ्यात करावं लागेल."

भिंत आणि शेजारच्या उसाचा बांध यांच्यामध्ये सात-आठ हातांची पट्टी होती. जागा कबरस्तानाचीच, पण भिंतीबाहेरची. बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं तिथं पुरायचे. क्रूस नाही, नाव नाही, मेणबत्ती नाही. लोक त्याला पोरांचा कोपरा म्हणायचे आणि तिकडं बघायचं टाळायचे. आईनं आपल्या जुन्या पातळात पोरीला गुंडाळलं आणि तू तिला घेऊन गेलास. मी उठू शकले नाही. प्रकाश संध्याकाळी आला, तिथं गेला आणि ओढ्यातले तीन काळे दगड खुणेला लावून आला. मला म्हणाला, "एवढ्याशा लेकराला भिंत लागते कशाला? जाऊ दे." तो मरेपर्यंत याविषयी एवढंच बोलला. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही.

दादा, मी फादरांवर राग धरला. तुझ्यावर नाही. दहा-बारा वर्षं मी मिस्सेला गेले नाही. तू समजवायला यायचास. म्हणायचास, नियम नियम असतो, फादरांचा काय दोष. तू माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पीत हे बोलायचास.

आणि त्याच काळात गावात तुझं नाव होत होतं. आपल्या कबरस्तानात दोन रांगा होत्या. महारवाड्यातून आलेल्यांची एक, मांगवाड्यातून आलेल्यांची दुसरी. एका वेदीसमोर गुडघे टेकणारी माणसं मेल्यावर शेजारी चालत नव्हती. तू ते मोडलंस. कमिटीत शिरलास, घरोघरी फिरलास, शिव्या खाल्ल्यास, आणि शेवटी आपल्या सख्ख्या काकांची कबर पलीकडच्या रांगेत करून दाखवलीस. मी तेव्हा कोपरगावात सगळ्यांना सांगत होते, हा माझा भाऊ आहे.

नंतर जुनी भिंत पडायला आली. तू अध्यक्ष होतास. शेजारच्या शेतकऱ्यानं बांध कोरत कोरत आत आणला होता, तर तू मोजणी आणलीस, त्याच्याशी वैर घेतलंस आणि नवी भिंत सरळ बांधाला लावलीस. पोरांचा कोपरा आत आला. त्या वर्षी मी आले तर तीन दगड नव्हते. सामानाचा टेम्पो त्या पट्टीवरूनच आत-बाहेर झाला होता. सगळं सपाट झालं होतं. मी तुला विचारलं, तर नजर चुकवून म्हणालास, "गवंड्यांनी भिंतीच्या पायात घातले असतील." मला वाटलं, निष्काळजीपणा. मी एकटीच बराच वेळ त्या पट्टीवर इकडून तिकडं चालत राहिले. पाय कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वीचा चर्चचा सण. जुने फादर, ज्यांच्या नावावर तू तो नकार खपवला होतास, ते व्हीलचेअरवर आले होते. नव्वदीला टेकलेले, पण डोकं साफ. मी आशीर्वाद घ्यायला वाकले तर त्यांनी मला ओळखलं.

"फिलोमिना ना तू? अंतोनची बहीण. तुझी ती बाळी. तुमच्या आजीच्या पायाशीच आहे ना कबर? मला जाऊन प्रार्थना करायची राहिली होती."

मी म्हटलं, "फादर, ती बाहेर पुरली. तुम्हीच नाही म्हणाला होता."

त्यांनी मान हलवली. "मी नाही म्हटलं नव्हतं, बेटा. मी अंतोनला सांगितलं, आजीजवळ ठेव, मी संध्याकाळी येतो. संध्याकाळी तो म्हणाला, बापाकडचे लोक येऊन कोपरगावला घेऊन गेले."

मी तशीच तुझ्या घरी आले. तू ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतास. आपलं ते भांडण अर्धंच राहिलं, दादा. म्हणून ते पुन्हा इथं मांडते.

मी विचारलं, "फादर हो म्हणाले होते?"

तू वर्तमानपत्राची घडी केलीस. "हो," म्हणालास. एवढं एक बरं केलंस, खोटं नाही बोललास.

"मग?"

"तेव्हा रांगा मोडायचं चाललं होतं, मिना. लोक टपून बसले होते. मी सगळ्यांना नियम सांगत फिरत होतो. घरच्यासाठी बाप्तिस्मा नसलेलं मूल आत घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझं कुणी ऐकलं नसतं."

"म्हणजे माझ्या पोरीच्या जिवावर तू रांग मोडलीस."

"ती गेलीच होती," तू म्हणालास. "जिवंत माणसांचं काम होतं."

आणि मी काही बोलायच्या आत पुढं म्हणालास, "भिंत मी सरकवली की. कुणासाठी सरकवली? आता आतच आहे ती."

"का सरकवली हे कुणाला सांगितलंस? मला सांगितलंस? आईला, मरताना?"

तू घडी केलेलं वर्तमानपत्र पुन्हा उलगडलंस. मी पायरी उतरले आणि तीन वर्षं त्या घरात गेले नाही. तू दोनदा निरोप पाठवलास. एकदा पेरू पाठवलेस. पेरू मी शेजारी वाटून टाकले.

तू भिंत सरकवलीस, हे मला माहीत आहे. त्या शेतकऱ्यानं तुझ्या अंगावर काठी उगारली होती, हेही माहीत आहे. पण तोंड उघडायला काठी लागत नव्हती. तू मुकाट्यानं आपलं पाप फेडायला गेलास आणि फेडता फेडता तिची खूणही पुसून टाकलीस. तुला वाटलं, हिशेब चुकता झाला. मला विचारलंस का?

श्रीरामपूरच्या दवाखान्यात तुझी किडनी बंद पडत होती, तेव्हा तुझ्या मुलाचा, जोसेफचा, फोन आला. "आत्या, बाबा तुमचं नाव घेतात." मी आले. दोन दिवस तुझ्या उशाशी बसले. सलाईन बघितली, तुझी कूस बदलली, ओठ ओले केले. ते मी नर्स म्हणून केलं. आणि वाट बघितली. तू शुद्धीत होतास. माझा हात धरून काय विचारलंस तर कबरस्तानातला नळ दुरुस्त झाला का, आणि मग, "जागा बघितली का माझी?" मी म्हटलं, "बघू." तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. जे बोलायचं होतं ते बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

मग जागेचा प्रश्न आला. कबरस्तान भरलेलं. लोकांनी पक्क्या कबरी बांधून घेतल्या आहेत, नव्या जमिनीचा अर्ज ग्रामपंचायतीत पडून आहे. हे सगळं तुझ्याच कारकिर्दीतलं. तरुण फादरांनी मला आणि जोसेफला बसवून सांगितलं. एक, आईची कबर उघडायची; पुष्कळ वर्षं झाली आहेत, तिच्या अस्थी कापडात बांधून पायाशी ठेवतात आणि वर नवी पेटी. दोन, श्रीरामपूरला दहन करून राख इथं छोट्या खड्ड्यात ठेवायची; चर्चला ते आता चालतं. तीन, भिंतीकडची पट्टी. तिथं जागाच जागा आहे, पण कुणी घेत नाही.

जोसेफ म्हणाला, "बाबांना आजीच्याच कबरीत जायचं होतं. आत्या, फक्त तुमची सही लागेल." कुटुंबाची कबर उघडायची तर हयात असलेल्या सगळ्या मुलांची लेखी संमती हवी, हा नियम तूच केला होतास.

मी म्हटलं, "मी सही देत नाही."

"आत्या, मग काय जाळायचं बाबांना? लोक काय म्हणतील?"

"पट्टीवर कर."

जोसेफचा चेहरा उतरला. "पोरांच्या कोपऱ्यात? अध्यक्षांना?"

"त्यानंच भिंत घालून आत घेतलेली जागा आहे," मी म्हटलं. "फादरांना विचार, काही नियम आड येतो का."

फादर म्हणाले, "नाही. ती आशीर्वादित जमीन आहे." त्यांना बाकी काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. मी हे का केलं, ते तुला माहीत आहे. जिथं तू तिला ठेवलंस तिथं तुला ठेवायचं होतं. मी तोंडदेखलं काही बोलणार नाही, मला त्यात सूड घ्यायचा होता.

पण कबर खणायला सुरुवात झाली आणि मनात आलं, ती इथंच खाली असली तर? पास्कलमामा खणत होते. ते आता सत्तरीचे आहेत, गावातल्या निम्म्या कबरी त्यांच्या हातच्या. मी कडेला उभी राहिले. ते म्हणाले, "ताई, तुमी सावलीला बसा. ऊन लई हाय."

"नाही मामा. इथंच थांबते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खड्ड्याकडं. टिकाव बाजूला ठेवला. खुरपं मागवलं आणि गुडघ्यावर बसून थराथरानं माती काढायला लागले. दोघं तरणे मदतीला होते, त्यांना वर पाठवलं. अख्खी दुपार त्यांनी एकट्यानं ती माती हातानं चाळली. मी एकेक घमेलं बघत होते. पातळाची चिंधी, काहीही. मुरूम निघाला, उसाच्या मुळ्या निघाल्या, एक फुटकी बांगडी निघाली, ती माझ्या ओळखीची नव्हती. कंबरेएवढा खड्डा झाला, तेव्हा मामा काठाला हात टेकून उभे राहिले.

"चाळीस वर्सं झाली, ताई. एवढाली हाडं ऱ्हात न्हाईत. त्येंची मातीच हुतीया."

तुला खाली सोडल्यावर सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली. जोसेफनं माझ्या हातात मूठभर दिली. मी ती धरून उभी राहिले. मामांचं बोलणं कानात होतं. ती माती मला तुझ्यावर टाकवेना, दादा. मी वाकून ती ढिगाच्या कडेला हळूच ठेवली आणि मागं झाले. लोकांनी बघितलं. बघू दे.

मी तुला माफ केलेलं नाही. फादर म्हणाले, "वेळ लागतो." मी म्हटलं, "लागू दे." पण रडले एकदा. घरी येऊन औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचत होते, बारीक अक्षर, आणि नकळत बोट त्यावर फिरायला लागलं. तुझा इतका राग आला की रडू आवरेना.

सातव्या दिवशी जोसेफ पुण्याला परत गेला होता. प्रार्थनेला मी एकटीच गेले. प्रार्थना म्हटली नाही, नुसती उभी होते. तर खालच्या आळीच्या सगुणाबाई काठी टेकत आल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्या इकडं कधी फिरकत नाहीत. थोडा वेळ तुझ्या मातीच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "गुरुजींनाच हितं ठिवलं म्हनल्यावर आता हितं यायला चालत असंल न्हवं?"

"चालतं की."

"माझं बी हाय हितं. पयलं. पोरगा हुता, रडलाच न्हाई. मालकानं आनून पुरला, जागा दावली न्हाई. म्हनाले, तिकडं जायचं नसतं." त्यांनी पिशवीतून मेणबत्त्या काढल्या. "कुटं लावू?"

"कुठंही लावा, सगुणाबाई. माझीही इथंच आहे. कुठं ते मलाही माहीत नाही."

त्यांनी एक लावली. वारा होता, पदराचा आडोसा धरला. मग न विचारता दुसरी माझ्या हातात दिली. मी तिच्या ज्योतीवर पेटवून दोन हात पलीकडं मातीत रोवली. आम्ही दोघी खाली बसलो. सगुणाबाईंनी मुलाचं नाव सांगितलं. नाव ठेवलं होतं त्यांनी, मनातल्या मनात, आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग मी माझ्या मुलीचं सांगितलं. ते मी तुला सांगणार नाही.

उठताना त्यांच्या पिशवीत एक मेणबत्ती उरली होती. त्यांनी तुझ्या ढिगाकडं बघून विचारलं, "गुरुजींना लावू का ही?"

मी म्हटलं, "तुमची मर्जी."

सगुणाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग मेणबत्ती पुन्हा पिशवीत ठेवली, माझा हात धरला, आणि आम्ही फाटकाकडं चालू लागलो.